आधी स्टिअरिंग, मग विंच

जुलै उजाडला की जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांची जणू उभी फाळणी होते. पूर्वेकडे, नारायणगाव-मंचरच्या बाजूला, पाऊस बेताने येतो आणि शेतकरी आभाळाकडे डोळे लावून बसलेला असतो. पश्चिमेकडे मात्र, आपटाळ्याच्या पुढे नाणेघाटाच्या दिशेने किंवा डिंभे धरणाच्या फुगवट्याच्या कडेने आहुप्याकडे जाताना, तोच पाऊस दिवसचे दिवस उघडीप देत नाही. डांबर संपते, मुरूम सुटतो, भातखाचरांचे पाणी रस्त्यावरून वाहू लागते आणि समोरून येणाऱ्या एस.टी.ला वाट देण्यासाठी कडेला उतरलेला ट्रक तिथेच रुततो. इंजिन गुरगुरते, चाक फिरते, गाडी मात्र हलत नाही.

अशा वेळी चालकाला दोन गोष्टी हव्या असतात. चिखलात अडकलेली पुढची चाके वळवण्याचे बळ आणि गाडीला ओढून काढणारी ताकद. पहिली गरज पॉवर स्टिअरिंग भागवते, दुसरी विंच, म्हणजे गाडीच्या पुढच्या भागावर बसवलेला, दोर गुंडाळणारा यांत्रिक रहाट. वरवर पाहता या दोन यंत्रांचा परस्परांशी काही संबंध नाही. परंतु आडवाटेच्या अनेक वाहनांत ती एकाच तेलाच्या पंपावर चालतात आणि मग प्रश्न उभा राहतो की तेल अपुरे पडले तर आधी कोणाला द्यायचे?

हा प्रश्न केवळ हौशी मोटारवाल्यांचा नाही. ३० जुलै २०१४ च्या सकाळी आंबेगाव तालुक्यातील माळीण गावावर डोंगर कोसळला आणि सुमारे दीडशे माणसे मृत्युमुखी पडली. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाचे जवान आणि त्यांच्यासोबत माती उपसणारी यंत्रे तिकडे निघाली, तेव्हा अरुंद रस्ता, अखंड पाऊस आणि चिखल हेच पहिले अडथळे होते. डोंगराळ भागात यंत्र किती शक्तिमान आहे याइतकेच ते जागेवर पोहोचते का, वळते का आणि रुतले तर निघते का, यालाही महत्त्व असते. म्हणूनच या तेलाच्या कारभाराची ओळख करून घेणे उपयोगाचे आहे.

दाब आणि प्रवाह

बंद भांड्यातील द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोहोचतो, हा सतराव्या शतकातील फ्रेंच शास्त्रज्ञ पास्कल याचा नियम आपण शाळेत शिकलेलो असतो. हायड्रॉलिक यंत्रणेचा सारा पाया हाच आहे. इंजिनावरील पट्ट्याने फिरणारा पंप तेल ढकलतो. ते तेल नळीतून दट्ट्यापर्यंत पोहोचते आणि दट्ट्याच्या क्षेत्रफळाच्या प्रमाणात बळ निर्माण होते. साधा हिशेब पाहा. दट्ट्याचा व्यास ५ सेंटिमीटर असेल आणि तेलाचा दाब १०० बार, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला साधारण १०० किलो असेल, तर तो दट्ट्या जवळजवळ दोन टनांचा रेटा देतो. मुठीएवढ्या दट्ट्यात दोन बैलगाड्यांचा भार पेलण्याची ही किमया आहे.

परंतु दाब ही अर्धीच गोष्ट झाली. दाबामुळे बळ मिळते, तर मिनिटाला किती लिटर तेल वाहते यावर वेग ठरतो. दोहोंचा गुणाकार म्हणजे शक्ती. बारमधील दाबाला मिनिटाच्या लिटरनी गुणून ६०० ने भागले की उत्तर किलोवॅटमध्ये मिळते. जीपच्या आकाराच्या वाहनातील स्टिअरिंगचा पंप १०० बार दाबाने मिनिटाला १२ लिटर तेल देतो असे धरले, तर त्याची शक्ती फक्त २ किलोवॅट भरते. हा आकडा लक्षात ठेवावा, कारण पुढची सगळी ओढाताण या दोन किलोवॅटच्या वाटणीवरून आहे.

चाकामागचा मदतनीस

हायड्रॉलिक स्टिअरिंगची कल्पना तशी जुनी आहे. अमेरिकेत फ्रान्सिस डेव्हिस या अभियंत्याने १९२६ मध्ये आपल्या पिअर्स-अ‍ॅरो मोटारीवर ती चालवून दाखवली. सर्वसामान्य ग्राहकाला विकत मिळणाऱ्या मोटारीत ती यायला मात्र १९५१ साल उजाडले. आपल्याकडच्या जुन्या जीपगाड्यांना ही सोय नव्हती. घाटातल्या वळणावर चाक ओढताना चालकाचे दंड भरून येत.

आज वापरात असलेल्या हायड्रॉलिक स्टिअरिंगचे ढोबळमानाने दोन प्रकार पडतात. पहिल्यात हातातले चाक आणि रस्त्यावरचे चाक यांना जोडणारा लोखंडी दांडा कायम असतो, तेल केवळ मदतीला येते. चालकाने चाक वळवले की आतील पिळदार दांडी किंचित पिळली जाते, तेवढ्याने व्हॉल्व्ह उघडतो आणि तेल योग्य बाजूला रेटा देते. ट्रक आणि जीपमध्ये हाच प्रकार असतो. पंप बंद पडला तर चाक अतिशय जड होते, पण वळते.

दुसऱ्या प्रकारात लोखंडी दांडाच नसतो. चाकाखालचे एकक तेल मोजून देते आणि ते तेल नळ्यांतून जाऊन पुढच्या आसावरील दट्ट्या सरकवते. आधुनिक ट्रॅक्टर आणि ज्याला आपण सरसकट ‘जेसीबी’ म्हणतो ते चाकांचे खोदाई यंत्र याच पद्धतीने वळते. पंप थांबला तर हेच एकक हातपंपासारखे काम करते, पण चाकाचे अनेक वेढे मारावे लागतात आणि जोरही बराच लागतो. कमी वेगाच्या यंत्राला ते चालते. रस्त्यावर वेगाने धावणाऱ्या गाडीत मात्र हा प्रकार बसवणे म्हणजे एका नळीवर जीव टांगणे होय.

यारीचे भावंड

विंच हा शब्द परका असला, तरी वस्तू या भागाला परकी नाही. विहीर खोदताना काठावर उभी राहणारी यारी अनेकांनी पाहिली असेल. डिझेल इंजिन, ढोल, त्यावर गुंडाळलेला पोलादी दोर आणि खाली दगडमातीने भरलेली बादली. यारीवर बसणाऱ्याला एक गोष्ट पक्की ठाऊक असते. ओढण्याइतकेच धरून ठेवणेही महत्त्वाचे आहे. ब्रेक सुटला तर वरचा भार तळाशी काम करणाऱ्या माणसांवर जातो. गाडीच्या विंचलाही नेमका हाच नियम लागू पडतो. म्हणून चांगल्या हायड्रॉलिक विंचमध्ये ब्रेक स्प्रिंगने नेहमी लागलेलाच असतो आणि तेलाचा दाब आला तरच सुटतो. नळी फुटली, इंजिन बंद पडले तरी ढोल जागच्या जागी थांबतो.

विंच दोन तऱ्हांनी चालवता येते, विजेवर किंवा तेलावर. विजेचे विंच बसवायला सोपे. पण पूर्ण भाराखाली ते १२ व्होल्टच्या बॅटरीतून ४०० अँपिअरच्या आसपास प्रवाह खेचते. काही मिनिटांत मोटार तापते, बॅटरी बसू लागते आणि चालकाला थांबावे लागते. तेलाचे विंच संथ असते, पण इंजिन चालू आहे आणि तेल फार तापलेले नाही तोवर ते सावकाश ओढत राहते. पाण्याखाली गेले तरी त्याचे फारसे बिघडत नाही. अमेरिकेतील माईल मार्कर या कंपनीने स्टिअरिंगच्याच पंपावर चालणारी अशी विंच प्रचारात आणली आणि अमेरिकी लष्कराच्या हमवी गाड्यांवरही ती बसली.

मात्र तेलाच्या विंचची एक मर्मावर बोट ठेवणारी मर्यादा आहे. इंजिन बंद पडले की ते निव्वळ लोखंड उरते. ओढ्यात अडकलेल्या गाडीच्या इंजिनात पाणी शिरले, तर विजेचे विंच बॅटरीच्या शिल्लक बळावर निदान काही मीटर तरी ओढू शकते. तेलाचे विंच अशा वेळी काहीच करू शकत नाही. निवड करताना हा प्रसंग आधी डोळ्यांसमोर आणावा.

एक पंप, दोन मागण्या

आता मूळ प्रश्नाकडे वळू. अडीच टनांची जीप आसापर्यंत चिखलात रुतली तर तिला ओढायला तिच्या वजनाएवढे, प्रसंगी त्याहून अधिक बळ लागते. त्यामुळे वजनाच्या दीडपट क्षमतेचे, म्हणजे सुमारे ४ टनांचे विंच निवडण्याचा प्रघात आहे. आपल्या २ किलोवॅटच्या पंपावर पूर्ण ४ टन ओढायचे, तर तोटा शून्य धरूनही दोर मिनिटाला ३ मीटर सरकेल. प्रत्यक्षात मोटार, गिअर आणि नळ्यांमध्ये निम्मी शक्ती जाऊ शकते, म्हणजे वेग दीड मीटरवर येतो. चिखलातून दहा मीटर बाहेर यायला सात-आठ मिनिटे. घाई नसेल तर हेही वाईट नाही.

पण याच सात-आठ मिनिटांत चालकाला पुढची चाके सरळ करावी लागतात, दगड चुकवावा लागतो, उताराच्या कडेपासून गाडी आत घ्यावी लागते. स्टिअरिंगलाही तेल हवे. इथे जोडणी कशी केली आहे यावर सारे अवलंबून असते.

सर्वांत स्वस्त आणि सर्वांत घातक जोडणी म्हणजे पंपाच्या नळीला ‘टी’ जोड देऊन एक फाटा विंचकडे नेणे. तेल नेहमी कमी अडथळ्याची वाट धरते. विंचचा दोर सैल आहे तोवर सगळे तेल तिकडे पळते आणि स्टिअरिंग दगडासारखे होते. दोर ताणला की उलट घडते. चालकाला आपले चाक पुढच्या क्षणी हलके असेल की जड, हे सांगता येत नाही.

दुसरी चूक म्हणजे स्टिअरिंगमधून परत येणारे तेल विंचला देणे. कागदावर ही जोडणी सुबक दिसते. परंतु स्टिअरिंगच्या परतीच्या बाजूचे सील टाकीकडे जाणाऱ्या नाममात्र दाबासाठी बनवलेले असतात. पुढे विंचने ८०-९० बारचा दाब उभा केला की तो मागे सरकतो आणि सील निकामी होतात.

योग्य उत्तर आहे प्राधान्य देणारा व्हॉल्व्ह, ज्याला कारागीर ‘प्रायॉरिटी व्हॉल्व्ह’ म्हणतात. पंपातून निघालेले तेल आधी या व्हॉल्व्हकडे येते. स्टिअरिंगचा ठरलेला वाटा, समजा मिनिटाला ८ लिटर, तो आधी बाजूला काढतो आणि उरलेलेच विंचला देतो. यात विंचच्या वाट्याला चारच लिटर येतात आणि ते आणखी संथ होते. ट्रॅक्टर आणि खोदाई यंत्रांत याहून चतुर व्यवस्था असते. तिथे स्टिअरिंगच्या एककातून एक बारीक नळी व्हॉल्व्हपर्यंत जाते. चाक स्थिर असेल तर जवळजवळ सगळे तेल खोदाईच्या हाताला मिळते. चालकाने चाक हलवताच त्या बारीक नळीतून दाबाचा निरोप पोहोचतो आणि निमिषार्धात तेल स्टिअरिंगकडे वळते. चिखलाच्या उतारावर भरलेले बकेट उचलत वळणारे यंत्र उलटत नाही, त्यामागे चालकाच्या कौशल्याइतकाच या लहानशा व्हॉल्व्हचाही वाटा असतो.

साध्या जीपच्या स्टिअरिंगमध्ये हा निरोप पाठवण्याची सोय नसते. त्यामुळे तिथे ठरावीक वाटणी करणारा व्हॉल्व्ह किंवा त्या विंचसाठीच उत्पादकाने बनवलेला नियंत्रक वापरावा. विंच बंद असताना तेल विनाअडथळा स्टिअरिंगकडे गेले पाहिजे, ही त्याची किमान कसोटी.

तापलेल्या तेलाची गोष्ट

चाक शेवटपर्यंत वळवून तसेच धरून ठेवले की गाडीतून कर्कश आवाज येतो. तेलाला जायला वाट नसते, दाब कमाल मर्यादेला जातो आणि सुरक्षेचा रिलीफ व्हॉल्व्ह उघडून तेल परत फिरवतो. या काळात पंपाची सारी शक्ती उष्णतेत जाते. दोन किलोवॅट म्हणजे बादलीत पाणी तापवणारा जोरदार विजेचा रॉड आणि इथे बादलीऐवजी जेमतेम तीन लिटर तेल. दोन मिनिटांत ते पन्नासेक अंशांनी तापू शकते. विंच भाराखाली अडले असतानाही हेच घडते. तेल ८०-९० अंशांच्या वर राहू लागले की पातळ होते, पंपाची झीज वाढते, रबरी सील कडक होऊन गळू लागतात. म्हणून स्टिअरिंगच्या पंपावर विंच बसवताना मोठी टाकी, तेल थंड करणारी जाळी आणि चांगली गाळणी या चैनीच्या वस्तू ठरत नाहीत. चाक शेवटाला गेले की थोडे मागे घ्यावे, ही सवय तर कोणत्याही चालकाला फुकटात लागू शकते.

मोठ्या ट्रकचा हिशेब वेगळा. दहा टनांच्या गाडीला पंधरा टनांची ओढ लागेल, ती स्टिअरिंगच्या पंपाच्या आवाक्यातली नाही. तिथे गिअरबॉक्समधून शक्ती बाहेर काढावी लागते. पी.टी.ओ. हा शब्द ट्रॅक्टरमुळे इथल्या शेतकऱ्याला पाठ आहे. त्यावर चालणारा स्वतंत्र पंप २०० बार दाबाने मिनिटाला ६० लिटर तेल देत असेल तर शक्ती २० किलोवॅट, म्हणजे दसपट होते. यात स्टिअरिंगचे तेल आणि विंचचे तेल मुळातच वेगळे राहते. भांडणच मिटते. शक्य असेल तिथे हाच मार्ग श्रेयस्कर.

दोर, झाड आणि माणूस

यंत्रणा कितीही उत्तम असली तरी अपघात बहुधा दोराशी होतात. ढोलावर दोराचे थर जसे चढतात तशी ओढ कमी होते. चौथ्या थरापर्यंत ती एकतृतीयांशाने किंवा त्याहून जास्त घटू शकते. म्हणून पूर्ण ताकद हवी तर दोर जास्तीत जास्त सोडावा, पण ढोलावर निदान पाच वेढे शिल्लक ठेवावेत. दोर कप्पीतून परत गाडीकडे आणला तर ओढ जवळपास दुप्पट होते, वेग निम्मा. ताणलेला पोलादी दोर तुटला तर चाबकासारखा परततो. त्यावर गोणपाट किंवा जाड घोंगडी टाकावी आणि बघ्यांना दोराच्या लांबीपेक्षा दूर उभे करावे. गावात गाडी रुतली की मदतीला आणि पाहायला दहा माणसे जमतात, त्यांना मागे सारणे हे पहिले काम.

ट्रॅक्टरने ओढताना साखळी खालच्या ड्रॉबारलाच बांधावी. ती वर बांधली तर ट्रॅक्टरचे तोंड उचलले जाऊन तो मागे उलटू शकतो. नळीतून तेल झिरपत असेल तर तिथे हात फिरवून गळती शोधू नये. सुईच्या अग्राएवढ्या छिद्रातून दाबाने निघालेले तेल कातडी भेदून आत शिरते. जखम क्षुल्लक दिसते, पण तातडीची शस्त्रक्रिया लागू शकते. पुठ्ठ्याचा तुकडा धरून गळती पाहावी.

आणि झाडाला कधीही उघडा पोलादी दोर बांधू नये. रुंद पट्टा वापरावा. या भागातले झाड हिरड्याचे असण्याचा संभव मोठा आणि हिरडा हे इथल्या महादेव कोळी कुटुंबांचे हक्काचे उत्पन्न आहे. साल सोलली गेलेले झाड वाळते. शहरातून आलेल्या गाडीची दहा मिनिटांची सुटका एखाद्या घराला अनेक वर्षांच्या मिळकतीला मुकवू शकते.

कायद्याची चौकट

गोव्यात २०१४ पासून भर पावसात रेनफॉरेस्ट चॅलेंज ही स्पर्धा भरू लागली आणि विंच बसवलेल्या गाड्यांचे आकर्षण वाढले. स्पर्धेच्या बंदिस्त मार्गावर जे चालते ते सार्वजनिक रस्त्यावर चालेलच असे नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीतील मूळ तपशिलापेक्षा वेगळा असा बदल वाहनात करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ च्या निकालात हे स्पष्ट केले. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्र सरकारने गाडीपुढे लावल्या जाणाऱ्या लोखंडी संरक्षक कठड्यांविरुद्ध कारवाईचे निर्देश राज्यांना दिले होते. विंचसाठी पुढचा बंपर बदलण्याआधी किंवा स्टिअरिंगला हात लावण्याआधी परिवहन कार्यालय आणि विमा कंपनी यांच्याकडे लेखी विचारणा करणे शहाणपणाचे. भीमाशंकर अभयारण्याच्या हद्दीत तर परवानगीशिवाय गाडी वाटेबाहेर घालण्याचा विचारही करू नये.

वळता आले तरच

१९ जुलै २०२३ च्या रात्री रायगड जिल्ह्यातील इर्शाळवाडीवर दरड कोसळली, तेव्हा वस्तीपर्यंत गाडीरस्ताच नव्हता. जवानांना डोंगर चढून जावे लागले आणि हाताने माती उपसावी लागली. माळीणला यंत्रे उशिरा का होईना पोहोचली होती. या दोन घटनांतला फरक रस्त्याचा आहे आणि रस्ता असूनही तो अर्धवट असेल तेव्हा तेलाच्या दाबावर चालणारी ही यंत्रेच कामाला येतात.

म्हणून ‘आधी कोणाला’ या प्रश्नाचे उत्तर खर्चावर किंवा हौसेवर सोडता येत नाही. ओढ थोडी कमी पडली तर गाडी आणखी तासभर चिखलात राहील. चाक ऐन वेळी वळले नाही तर ती दरीत जाईल किंवा मदतीला आलेल्या माणसांवर. आपल्या गाडीवर असे काम करून घेणाऱ्याने गॅरेजमधून निघण्यापूर्वी एक साधी चाचणी घ्यावी. मोकळ्या जागेत विंच भाराखाली चालू ठेवून चाक दोन्ही बाजूंना फिरवून पाहावे. ते पहिल्याइतकेच हलके राहिले तर जोडणी खरी. जड झाले तर पैसे देण्याआधी नळ्या पुन्हा उघडायला सांगाव्यात.